एकटीची बोट

2025 च्या मार्च महिन्यात मी नॉर्वेला जाऊन आले. बारा दिवस बोटीवर होते आणि एकटी होते. परत आल्यापासून प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतोय, "एकटीला कंटाळा नाही आला?" फोनवर तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

तर झालं असं, की जायचं आम्हा दोघींचं ठरलं होतं. मी आणि माझी बँकेतली मैत्रीण. जवळजवळ तीस वर्षं शेजारी शेजारी बसून आम्ही लोकांचे चेक पास केले आणि अधूनमधून "रिटायर झालो की जाऊ" असं म्हणत राहिलो. शेवटी एकदाचं बुकिंग झालं. आणि फेब्रुवारीत तिच्या गरोदर लेकीला डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. मैत्रीण म्हणाली, "अगं, मला आता हलताच येणार नाही. तू पण रद्द कर. पुढच्या वर्षी जाऊ."

पुढच्या वर्षी! हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत आणि इतक्यांदा म्हटलेत, की त्या दिवशी ते ऐकून एकदम रागच आला. तिचा नाही, त्या शब्दांचा. मी म्हटलं, मी जाते.

म्हटलं खरं. फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला. कारण खरं सांगायचं तर वयाच्या अठ्ठावन्न वर्षांत मी एकटीने केलेला सगळ्यात मोठा प्रवास म्हणजे ठाणे ते नाशिक. माहेरी भावंडं, मग सासर, मग मुलं. एका खोलीत मी एकटी झोपले आहे अशा रात्री मोजायला एका हाताची बोटं पुरतील. परदेश पाहिला तोही आपल्या मराठी टूर कंपन्यांबरोबर. चाळीस माणसं, एक टूर मॅनेजर, बसमध्ये खाकरा आणि चिवडा, आणि प्रत्येक ठिकाणी बस सुटायच्या आधी डोकी मोजणं. "अडतीस, एकोणचाळीस... जोशी काका कुठे आहेत?"

ह्यांना विचारलं, "तुम्ही येता का तिच्या जागी?" हे गेटवेहून एलिफंटाला जातानासुद्धा होडीत डोळे मिटून बसतात. म्हणाले, "बारा दिवस पाण्यावर? मी आईंकडे बघतो, तू जा." (आई म्हणजे माझी आई. ऐंशी वर्षांची आहे, आमच्याकडेच असते. तिच्याबद्दल पुढे येईलच.)

दुसरी अडचण कंपनीची. मोठमोठ्या क्रूझ कंपन्यांची नावं आता सगळ्यांना माहीत असतात. आमच्या बोटीचं नाव कुणीच ऐकलं नव्हतं. जाऊबाईंनी चौकशी केली, "स्विमिंग पूल आहे का?" नाही. "रात्रीचे शो?" नाही. "कॅसिनो तरी?" तोही नाही. "मग आहे काय त्याच्यावर?"

"बोट आहे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आणि आईने तिच्या खोलीतून विचारलं, "गो बाय, एकटी कित्याक जातंस?" मालवण सोडून साठ वर्षं झाली तरी काळजी करायची झाली की ती मालवणीतच करते.

---

आता ही बोट काय प्रकार आहे ते सांगते, कारण मलाही ते तिथे जाईपर्यंत नीट कळलं नव्हतं.

नॉर्वेचा किनारा म्हणजे नुसते डोंगर, बेटं आणि आत घुसलेल्या खाड्या. रस्ता करायचा तर दर दोन मैलांवर पाणी आडवं. एकोणिसाव्या शतकात ट्रॉन्डहाइमहून उत्तरेच्या हॅमरफेस्टला हिवाळ्यात पत्र पोचायला पाच महिने लागायचे म्हणतात. मग रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने 1893 मध्ये ह्या मार्गावर नियमित बोट सुरू केली, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही, दिवसा आणि रात्रीही. हिवाळ्याच्या अंधारात त्या खडकाळ किनाऱ्याने बोट न्यायला लोक धजत नव्हते. विथ आणि त्याचा वाटाड्या यांनी किती वेळ कुठल्या दिशेने जायचं याच्या वह्या भरून ठेवल्या आणि होकायंत्र व घड्याळ यांच्या भरवशावर बोट चालवली. ह्या सेवेचं नाव हुर्टिग्रूटन, म्हणजे जलद मार्ग. ती आजही चालू आहे. 2021 पासून दोन कंपन्या ती वाटून चालवतात. मी कुठल्या बोटीने गेले ते लिहीत नाही, उगाच जाहिरात नको.

दक्षिणेचं बर्गन ते रशियाच्या सीमेजवळचं किर्केनेस, आणि परत. वाटेत चौतीस बंदरं. जाताना जी बंदरं रात्री लागतात ती येताना बहुतेक दिवसा लागतील अशी वेळापत्रकाची सोय आहे. आमच्यासारखे प्रवासी असतात, पण त्याच बोटीतून गावोगावचं सामानही जातं, आणि एका बंदरात चढून पुढच्या बंदरात उतरणारी तिथली माणसंही. थोडक्यात, ती क्रूझ नाहीच. एस.टी. आहे, पाण्यावरची!

पहिल्या रात्री बर्गनला केबिनमध्ये शिरले. दोन पलंग. बहुतेक बोटींवर भाडं दोन माणसं धरूनच लावतात, त्यामुळे एकट्या माणसाला ते फार महाग पडतं, आणि आमचं तर बुकिंगच दोघींचं होतं. दुसऱ्या पलंगावर मी मैत्रिणीच्या नावाने माझी शाल घडी करून ठेवली. मग रात्री साडेआठला इंजिनाची घरघर सुरू झाली, दिवे मागे सरकायला लागले आणि मला रडू आलं. का ते नाही सांगता येत. भीती होती म्हणावी, तर तशी नव्हती. ह्या क्षणी मी काय करतेय हे विचारणारं चार हजार मैलांत कुणी नाही, एवढंच.

सगळ्यात कठीण काय असेल तर जेवण. सिनेमा एकटीने पाहता येतो, देवळात एकटीने जाता येतं, पण भरल्या हॉलमध्ये एका टेबलाशी एकटीने बसून जेवणं! पहिल्या दिवशी मी मोबाइलमध्ये डोकं घालून जेवले. दुसऱ्या दिवशी पुस्तक नेलं. तिसऱ्या दिवशी पुस्तक न्यायला विसरले आणि खिडकीबाहेर बघत बसले. एक बेट गेलं, त्याच्यावर एकच घर, घरात दिवा. ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. सूप गार झालं, पण कुणी "खा ना, गार होतंय" म्हणालं नाही. त्यानंतर पुस्तक लागलंच नाही.

---

ट्रॉन्डहाइमला बोट साधारण तीन तास थांबते. म्हटलं, निडारोसचं जुनं कॅथेड्रल चालत बघून येऊ. गेले, बघितलं, छान आहे. मग जुना लाकडी पूल बघितला, नदीकाठची रंगीत गोदामं बघितली, फोटो काढले. आणि परतताना वाट चुकले. फुटपाथवर बर्फ वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा. तिथली माणसं बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून टकाटक चालत होती आणि मी भिंतीला धरून, पेंग्विनसारखी. घड्याळात बघितलं तर बोट सुटायला पंचवीस मिनिटं!

मंडळी, त्या पंचवीस मिनिटांत मला काय सुचलं असेल? जोशी काका. रोमला ते हरवले होते तेव्हा अख्खी बस पाऊण तास थांबली होती आणि आम्ही सगळे त्यांच्यावर चिडलो होतो. इथे कोण थांबणार? डोकी मोजणारंच कुणी नव्हतं.

धापा टाकत पोचले तेव्हा सहा मिनिटं उरली होती. दारातल्या मुलाने माझं कार्ड यंत्रावर धरलं, पिंग वाजलं. मी विचारलं, "मी आले नसते तर?" तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "तर आम्ही निघालो असतो. पुढच्या गावात लोक वाट बघतात." त्याला त्यात कठोर असं काहीच वाटलं नाही. आणि खरंच, पुढच्या गावात कुणाचं औषध असेल, कुणाच्या ट्रॅक्टरचा भाग असेल.

मी केबिनमध्ये जाऊन घटाघटा पाणी प्यायले. आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मला बरं वाटतंय. म्हणजे अगदी हलकं. चुकले मी, धावले मी, पोचलेही मीच. ह्यात कुणाचे उपकार नव्हते आणि कुणाची बोलणीही नव्हती.

---

चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडलं. एका छोट्या बेटावर लोखंडी पृथ्वीगोल उभारलाय, तीच खूण. मग डेकवर प्रत्येकाच्या मानेवरून पाठीत बर्फाचं पाणी ओततात, हा त्यांचा विधी. मीही ओतून घेतलं आणि जी किंचाळले ती मालवणीत! शेजारच्या जर्मन बाई घाबरल्या.

दुपारी बोडो सोडलं की चारेक तास उघडा समुद्र लागतो, वेस्टफ्यॉर्ड. तोवर बोट बेटांच्या आडोशाने जाते, इथे आडोसा नाही. कपाटातले हँगर खणखणायला लागले, पडदा भिंतीपासून सुटून लोंबायला लागला. मी पलंगावर आडवी पडून आलेपाकाची वडी चघळत होते. ("औषधं घे" असं सगळ्यांनी सांगितलं, आलेपाक फक्त आईने दिला. तोच उपयोगी पडला.)

रात्री स्वोल्व्हेरला उतरले आणि एकदम थबकले. वास! सुक्या मासळीचा. लोफोटेन बेटांवर जानेवारी ते एप्रिल कॉड माशाचा हंगाम असतो. शेपटीशी दोन दोन मासे बांधून लाकडी मांडवांवर टांगतात, मीठ न लावता, नुसत्या गार वाऱ्यावर महिनोन्महिने वाळवतात. मासा इटलीला जातो, वाळलेली डोकी नायजेरियाला. आपल्याकडे ऊन वाळवतं, तिथे थंडी. पण वासाला मात्र काही फरक नाही. डोळे मिटले असते तर मालवणच्या बंदरावर उभी आहे असं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन लावला, तेव्हा ठाण्यात दुपार झाली होती. तिला वासाचं सांगितलं. ती गप्प ऐकत होती. मग तिने जे विचारलं ते आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं.

"बोट धक्क्याला लागते? की पडावातून उतरवतात?"

"धक्क्याला लागते आई. फळी टाकतात, आपण चालत उतरतो."

"मग बरां. आमच्याकडे पडाव. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून वर चढायचं. मी मुंबईला आले ना, तेव्हा चढताना माझी एक चप्पल पडली पाण्यात. एका चपलेने भाऊच्या धक्क्यावर उतरले."

मी म्हटलं, "बाबांनी दुसरी घेऊन दिली असेल."

"बाबा कुठले? लग्नाच्या आधीची गोष्ट. चौसष्ट साल. एकोणीस वर्षांची होते. नोकरीचं पत्र आलेलं. एकटीच आले."

मी फोन धरून तशीच उभी. बाहेर पांढरे डोंगर सरकत होते. माझी समजूत अशी, की आई लग्न होऊन मुंबईला आली. आम्हा सगळ्या भावंडांची तीच समजूत. कुणी तसं सांगितलं नव्हतं, आम्हीच धरून चाललो होतो.

मग पुढचे चार-पाच दिवस रोज फोन. रोज थोडं थोडं. आजीचा सक्त विरोध होता. 17 जुलै 1947 ला रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, ती गोष्ट कोकणात घराघरात होती. रामदास रेवसला निघाली होती, मालवणला नव्हे. पण आजीच्या लेखी बोट ती बोट. शिवाय मुलगी, आणि एकटी! आजी दोन दिवस आईशी बोलली नाही आणि निघायच्या दिवशी न बोलताच हातात आलेपाकाची पुडी दिली. डेकवर सतरंजी अंथरून आई रात्रभर जागी बसली. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्यामुळे ह्या फेरीला गेलं नाही तर थेट गणपतीनंतर, आणि नोकरी काही तोवर थांबणार नव्हती. भाऊच्या धक्क्यावर मामा न्यायला येणार होते. ते आलेच नाहीत, निरोप पोचला नव्हता. दोन तास वळकटीवर बसून तिने वाट बघितली. मग विचारत विचारत बस पकडून गिरगावात गेली. एका चपलेने.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण गिरगाव सापडल्यावर बरां वाटलां."

"आई, हे तू कधी सांगितलं का नाहीस गं?"

"माका कोणी इचारल्यानच नाय," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. खरंच विचारलं नव्हतं कुणी.

आणि मला तिचा तो निघतानाचा प्रश्न आठवला. "एकटी कित्याक जातंस?" मला वाटलं होतं जुन्या वळणाची काळजी. पण आमच्या घरात एकटीने जाणं म्हणजे काय असतं हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

---

पुढचं भराभर सांगते. नॉर्थ केपला गेले, 71 अंशांच्या वर. हिवाळ्यात तिथे जायचं तर बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागून सगळ्या बसगाड्या ओळीने जातात. तीनशे मीटरचा कडा, खाली काळा समुद्र, वारा असा की बोलता येत नाही. किर्केनेसला रस्त्यांच्या पाट्या नॉर्वेजियन आणि रशियन दोन्ही भाषांत. ते गाव इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे हे मला नकाशा बघूनही खरं वाटेना. आकाशातले उत्तरेचे दिवे दोन रात्री दिसले. रात्री स्पीकरवर घोषणा होते, मग पायजम्यावर कोट चढवून सगळे वर पळतात. फोटोत दिसतात तेवढे हिरवे ते डोळ्यांना दिसत नाहीत. आधी करडा ढग वाटतो, आणि मग तो ढग हलतो. कॅमेरा न काढता मान वर करून मी बराच वेळ उभी राहिले.

परतीच्या वाटेवर स्टोकमार्कनेसला बोट तासभर थांबते. ह्या सेवेचं संग्रहालय तिथे आहे. 1956 ची फिनमार्केन ही अख्खी बोट त्यांनी जमिनीवर आणून ठेवली आणि तिच्यावर काचेची मोठी इमारत बांधली. बोटीच्या आत फिरता येतं. लाकडी जिने, पितळी कठडे, जुने बाक. एका बाकावर बसले आणि मनात आलं, आपल्या बोटींचं काय झालं? कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं मी लहानपणी मोठ्यांच्या तोंडून ऐकली आहेत. रस्ते सुधारले, एस.टी. गावोगाव गेली, बोटी बंद झाल्या. 26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, मग तर कुणाला आठवणही राहिली नाही. ते चुकीचं झालं असं मी म्हणत नाही. रेल्वे आली ह्याचा आनंद आईएवढा कुणाला झाला नसेल. पण त्या पडावात एकटीने चढलेल्या मुलींच्या गोष्टी कुठल्या काचेखाली ठेवल्यात? त्या बायकांकडेच आहेत, आणि त्या आता ऐंशीच्या पुढे गेल्या.

बर्गनला उतरताना केबिनमधून शाल उचलली. मैत्रिणीला (नातू झाला, दोघं मजेत आहेत!) सगळं सांगितलं.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. एकट्याने जायचं असेल तर भाडं एकट्याचं किती ते आधी विचारा. काही कंपन्या ठरावीक तारखांना ते कमी करतात. मार्चमध्ये दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी असते, त्यामुळे डोंगरही दिसतात आणि उत्तरेचे दिवेही. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच गावात घ्या. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी कळवा. आणि बोट सुटायच्या अर्धा तास आधी परत या. तुमच्यासाठी ती थांबणार नाही.

कंटाळा आला का? हो, दोनदा आला. गेलाही.

घरी आल्यावर महिन्याभराने एका सकाळी आईला घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेले. 2020 पासून तिथून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते, गाड्यासुद्धा घेऊन. आईने इकडेतिकडे पाहिलं. कुठे बसून मामांची वाट बघितली ते दाखव म्हटलं तर म्हणाली, "आता काय ओळखू येणार? सगळां बदललां." ऊन वाढत होतं. बोटीत चढताना मी हात पुढे केला. तिने तो लगेच धरला नाही. आधी खाली वाकून दोन्ही चपला नीट पायात आहेत ना ते बघितलं, आणि मग चढली.